दर्याने सोडलं, आता अंगणातल्या झाडाने गाठू नये



मे महिना लागला की आपल्या प्रत्येक घरात कामांची यादी तयार असते. इंजिनाचं काम, जाळ्यांची डागडुजी, डिझेलची उधारी, खलाशांचा हिशेब, १ जूनची बंदी लागायच्या आत बोट वर ओढायची सोय. या यादीत झाड कधीच नसतं. घरावर वाकलेला आंबा, ओट्याला लागून वाढलेला गुलमोहर, बोट ओढतो तिथला सुरू, ही झाडं रोज डोळ्यांसमोर उभी असतात. रोजचीच म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

यंदा पानावर त्यांच्याबद्दलच लिहायचं ठरवलं. कारण १७ मे २०२१ ची रात्र आम्ही अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी तौक्ते अरबी समुद्रातून वर सरकत होतं. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता, बोटी माघारी बोलावल्या होत्या. आपली बहुतेक माणसं घरी पोचली होती. वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच पुढे गेलं आणि रात्री दीव-उनाच्या बाजूला जमिनीवर चढलं. तिथे वाऱ्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास होता. दीव सुरतेहून सुमारे दोनशे किलोमीटर, खंबातच्या आखाताच्या पलीकडे. म्हणजे आपल्याला वादळाचा गाभा लागलाच नाही, नुसती कड लागली. तरी सुरत शहरात झाडं उन्मळून रस्त्यांवर आणि गाड्यांवर पडली, तारा तुटल्या, घरं अंधारात गेली.

आमच्या एका सभासदाने बोट वेळेत आणली होती. खाडीत आत घेतली, सुरूच्या झाडाखाली लावली आणि चांगला जाड दोर त्याच सुरूला बांधला. मध्यरात्री तो सुरू मुळासकट आडवा झाला, थेट केबिनवर. आत कुणी झोपलेलं नव्हतं हे नशीब. पण दुरुस्तीत पुढच्या हंगामाची सुरुवात गेली, कर्ज वाढलं. तो माणूस आजही म्हणतो, "दर्याने सोडलं, पण झाडाने धरलं."

तो सुरू एका बाजूला कललेला होता. त्याच्या बुंध्याशी माती उकललेली होती. हे आम्ही सगळ्यांनी जाता-येता बघितलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण ती सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही. पडणारं झाड बहुतेक वेळा आधी काहीतरी खूण देतं. ती खूण ओळखायची आणि वेळेत काम करायचं, एवढंच आजच्या लेखाचं सांगणं आहे.

काम कधी करायचं?

तारखा बघा. तौक्ते १७ मेला आलं. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलं. वायू जून २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात गुजरातच्या अगदी तोंडाशी येऊन वळलं. बिपरजॉय १५ जून २०२३ ला कच्छमध्ये जखौजवळ चढलं. म्हणजे आपल्याकडे मे महिन्याचा मध्य ते जून महिन्याचा मध्य हा धोक्याचा काळ. झाडांचं काम त्याच्या आधी, एप्रिलमध्ये किंवा फार तर १० मेपर्यंत उरकायला हवं.

अडचण अशी आहे की नेमक्या या दिवसांत घरची पुरुषमाणसं दर्यात असतात. हंगामाचे शेवटचे दिवस, जेवढं मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं असतं. "बंदी लागली की बघू" असं म्हणून झाडाचं काम जूनवर ढकललं जातं आणि वादळ त्याच्या आधी येऊन जातं. म्हणून घरच्या ताई, वहिनी, आई यांना आमचं सांगणं आहे, नवरा किंवा मुलगा परत यायची वाट बघू नका. झाड तपासायला पैसे लागत नाहीत, ते तुम्हीच करू शकता. झाडावर चढून कापायला माणूस बोलवायचा असेल तर तो निर्णयही घरूनच घ्या. फोनवर विचारून उशीर होतो.

दुसरा हंगाम पावसाळ्यानंतरचा. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात आलं आणि आपल्या मच्छीमारांचे जीव घेऊन गेलं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी तर सुरतेच्याच दिशेने निघालं होतं, किनाऱ्याशी येईपर्यंत ते विरलं म्हणून आपण वाचलो. म्हणून नवरात्राच्या सुमारास झाडांकडे परत एक फेरी मारा.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्यावर करवत शोधायला निघू नका. त्या वेळी कापलेल्या फांद्या अंगणात पडून राहतात आणि वाऱ्याने उडून दुसऱ्याच्या पत्र्यावर जातात. घाईत चढलेला माणूसही पडतो.

वारा झाडाला पाडतो कसा?

हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. शिडाची होडी चालवलेल्या आजोबांना विचारा. पानांचा घेर म्हणजे शीड, खोड म्हणजे डोलकाठी, मुळं म्हणजे नांगर. वारा शिडात भरतो, ओढ नांगरावर येते. शीड मोठं आणि नांगर चिखलात सैल असेल तर काय होतं, ते आपण जाणतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात जे झाड आरामात डोलतं, त्याच्यावर १०० च्या वाऱ्यात चारपट रेटा येतो. त्यात पाऊस पडून माती भिजली असेल तर मुळांची पकड सुटते. म्हणून पुष्कळ झाडं मधे मोडत नाहीत, मुळासकट उलथतात.

आणखी एक मुद्दा दिशेचा. आपली झाडं वर्षानुवर्षं नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला तोंड देत वाढलेली असतात. मुळांची बळकटी त्या हिशेबाने आलेली असते. पण तौक्तेसारखं वादळ आपल्या पश्चिमेकडून समुद्रातून वर सरकतं, तेव्हा आपल्याकडे वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून येतो आणि मग दक्षिणेकडे फिरतो. म्हणजे झाडाला सवय नसलेल्या बाजूने धक्का बसतो. "एवढी वर्षं पावसात उभं आहे, काही होणार नाही," हे म्हणणं म्हणूनच वादळाला लागू पडत नाही.

झाड तपासायचं ते बोट तपासल्यासारखं

बोट वर ओढली की आपण तळापासून सुरुवात करतो. झाडाचंही तसंच करा.

आधी बुंधा आणि मुळं बघा. झाड एका बाजूला कललं आहे का? जुना कल असेल आणि खोड वर जाऊन परत सरळ झालं असेल तर फारशी भीती नाही. पण गेल्या वर्ष-दोन वर्षांत नव्याने कललं असेल, किंवा कलाच्या उलट बाजूला माती फुगली-उकलली असेल, तर ते झाड निघायच्या बेतात आहे असं समजा. बुंध्याशी पावसात अळंबी उगवत होती का, तेही आठवा. अळंबी म्हणजे आत लाकूड कुजत असल्याची खूण.

मुळं कापली आहेत का, हे घरातल्यांनाच ठाऊक असतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीत असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. गटाराची लाइन टाकताना, पेव्हर ब्लॉक बसवताना, कंपाउंडचा पाया खणताना ती तुटतात. झाड वरून हिरवंगार दिसतं, पण एका बाजूचा नांगर कापलेला असतो. गेल्या दोन-चार वर्षांत असं खोदकाम झालं असेल तर त्या झाडावर जास्त लक्ष ठेवा. बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट लावलं असेल तर ते फोडून हात-दोन हात माती मोकळी करा.

मग खोड. लाकडी मुठीने ठोकून बघा. बोटीच्या फळीचा आवाज ओळखणाऱ्याला पोकळ खोडाचा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. ढोली, उभी चीर, वाळवीची माती, रस गळणारी जखम, सगळं बघून घ्या. दोन जाड खोडं एकाच जागेतून निघून इंग्रजी व्हीसारखी अगदी चिकटून वर गेली असतील, तर ते बेचकं कच्चं असतं. वाऱ्यात ते तिथेच फाटतं.

आपल्या वस्त्यांतला एक खास दोष इथे सांगायला हवा. जाळी सुकवायला, बोंबील वाळवायला आपण झाडाला नायलॉनचा दोर बांधतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच ठेवतो. खोड जाड होत जातं, दोर सालीत रुततो. काही दिवसांनी दोर दिसतही नाही, साल त्याच्यावरून वाढते. झाड त्या जागी गळा आवळल्यासारखं कमजोर होतं आणि तिथेच मोडतं. खिळे, बोर्डाच्या तारा, डिश अँटेनाचे क्लॅम्प यांचंही तेच. सुटेल तेवढा दोर आजच सोडवा. सालीत पूर्ण गेला असेल तर ओढून काढू नका, साल सोलून निघेल. दिसेल तिथे कापून मोकळा करा.

शेवटी वर बघा. वाळलेल्या फांद्या, अडकून राहिलेल्या तुटक्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आंब्यावरचं बांडगूळ, पत्र्यावर टेकलेली डहाळी. आणि प्रत्येक झाडासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे आडवं झालं तर कशावर पडेल? झाडाची उंची पावलांनी जमिनीवर मोजा. त्या अंतरात झोपायची खोली, शेजाऱ्याचं घर, विजेची तार किंवा बोट येत असेल, तर त्या झाडाचा नंबर पहिला.

शीड कमी करा, डोलकाठी कापू नका

आपल्याकडे कापणी म्हणजे झाडाचा शेंडा उडवायचा आणि ठूठ ठेवायचं, अशी समजूत आहे. ते चुकीचं आहे. ठुठावर पुढच्या पावसात झाडूसारख्या खूप फांद्या एकदम फुटतात. त्या वरवर चिकटलेल्या असतात, आतल्या लाकडात रुजलेल्या नसतात. दोन-तीन वर्षांत त्या जाड होतात आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला निसटतात. उघड्या ठुठातून पाणी शिरून खोडही कुजतं. आज धोका कमी केला असं वाटतं, पण खरं तर तो तीन वर्षं पुढे ढकललेला असतो.

बरोबर पद्धत म्हणजे विरळणी. आधी सगळं वाळलेलं, तुटलेलं, रोगट काढा. मग घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढा. मग घेरातून थोड्या थोड्या फांद्या सगळीकडून कमी करा, म्हणजे वारा झाडातून आरपार जाईल. फक्त आतल्या फांद्या साफ करून टोकाला पानांचे झुपके ठेवू नका, त्याने टोकं जड होऊन फांद्या मोडतात. घराकडची एकच बाजू कापून झाडाचा तोल बिघडवू नका. हिरव्या पानांचा चौथा हिस्सा एका वेळी जास्तीत जास्त. त्याहून जास्त काढायची वेळ आली तर ते काम दोन वर्षांत विभागा.

जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालून वर, फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. फांदी इथे सुटून पडते आणि खोडाची साल सोलली जात नाही. मग उरलेलं बुटकं तिसऱ्या कापात काढायचं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटी असते, ती राखून तिच्या बाहेरून कापायचं. झाड त्या फुगवटीतूनच जखम भरून काढतं. खोडाला अगदी चाटून कापलं तर जखम भरत नाही. डांबर, ऑइल पेंट किंवा इंजिनाचं जळकं ऑइल जखमेला फासू नका. लावायचंच असेल तर आंबा-चिकूच्या बागवाल्यांसारखी मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावा.

चढायचं काम अनुभवी माणसाला द्या. कमरेला पट्टा, वेगळा दोर, खाली एक माणूस. आपली पोरं डोलकाठीवर चढणारी आहेत हे खरं, पण वाळकी फांदी डोलकाठीसारखी वागत नाही. तारेजवळचं झाड असेल तर स्वतः हातच लावू नका. शहरात टोरेंट पॉवर, गावाकडे दक्षिण गुजरात वीज कंपनी, तुमच्या बिलावर जो तक्रारीचा नंबर छापलेला आहे तिथे आधी कळवा आणि लाइन बंद झाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. ओला बांबू आणि ॲल्युमिनियमची शिडी दोन्हींतून वीज येते.

झाड मुळासकट काढायचं असेल तर परवानगीचं बघा. शहरात महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे, गावात तलाटी किंवा मामलतदार कचेरीत विचारा. अर्जासोबत झाडाचा फोटो जोडा, त्यात कल आणि बुंध्याची भेग दिसू द्या. किनाऱ्यावरची सुरूची लागवड बरीचशी वन खात्याची असते, तिला आपण हात लावायचा नाही. तिथलं झाड धोक्याचं वाटलं तर लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि कापायच्या आधी घरटी बघा. पिल्लं असतील तर तेवढी फांदी राहू द्या.

नारळाचं गणित वेगळं

नारळाला फांद्या नाहीत, म्हणून विरळणीही नाही. तो वाकतो, झावळ्या वाऱ्याबरोबर मागे फिरतात आणि धडधाकट माड बहुतेक वेळा टिकतो. पण माडाला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं.

मे महिन्यात वाळलेल्या झावळ्या, वाळकी पोय, तयार नारळ आणि जड पेंडी उतरवून घ्या. वादळात सुटलेला नारळ पत्रा फोडतो, डोकं तर फोडतोच. पण हिरव्या झावळ्या छाटून माडाची शेंडी करू नका. आडव्या रेषेच्या वरच्या झावळ्यांना हात लावायचा नाही, घड्याळात नऊ आणि तीनवर काटे असतात तेवढ्या तरी राहू द्या. त्याच झावळ्या कोवळ्या शेंड्याला आधार देतात.

खोडावर भोकं, त्यातून तपकिरी चिकट रस, आत कुरतडल्याचा आवाज, मधला शेंडा पिवळा पडून झुकलेला, अशी लक्षणं असतील तर सोंड्या भुंगा लागला आहे. असं खोड आतून भुगा झालेलं असतं आणि थोड्या वाऱ्यानेही मधून मोडतं. घराजवळ असेल तर ते झाड वादळाच्या आधी उतरवलेलं बरं. चढायला सोपं म्हणून खोडावर कोयत्याने खाचा पाडणं बंद करा, भुंगा तिथूनच आत शिरतो.

बोट आणि झाड

हा भाग बोटमालकांनी नीट वाचावा.

बंदीत बोट वर ओढायची तर आपण सावली शोधतो. उन्हाने फळ्या तडकू नयेत, फायबर तापू नये म्हणून झाडाखालची जागा आवडते. पूर्वी होड्या झापांनी शाकारून ठेवायचे, आता ताडपत्री असते. चांगली ताडपत्री नीट बांधली तर सावलीसाठी झाडाची गरज उरत नाही. म्हणून बोट उंच झाडाच्या पडण्याच्या अंतराबाहेर लावा. जागा कमी असेल आणि पर्याय नसेल तर निदान सुरू, गुलमोहर, निलगिरी, रेन ट्री यांच्याखाली लावू नका, आणि माडाखाली लावली तर नारळ आधी उतरवून घ्या.

दुसरं, बोटीचा दोर झाडाला बांधू नका. भरती चढली, बोट उचलली गेली की तिचा सगळा हिसका त्या झाडावर येतो. वाऱ्याचा रेटा वर, बोटीची ओढ खाली, मग झाड उभं राहणार कसं? झाड पडलं की बोट चिरडते, नाही पडलं तर दोराने साल कापली जाते आणि झाड पुढच्या वर्षी जातं. त्यापेक्षा जाड ओंडका किंवा काँक्रीटचा ठोकळा जमिनीत खोल आडवा पुरून त्याला साखळी लावा आणि दोर त्या साखळीला बांधा. तीन-चार बोटमालकांनी मिळून केलं तर एका दिवसाचं काम आहे आणि पुढे कितीतरी वर्षं पुरतं.

जाळी, बोये, थर्मोकोलचे डबे, डिझेलचे बॅरल झाडाखाली उघड्यावर ठेवू नका. फांदी पडली तर बॅरल फुटेल, नाही पडली तर हलकं सामान उडून जाईल.

झाडं तोडून मोकळं व्हायचं नाही

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, सगळीच तोडून टाकू. तसं करू नका. समुद्राकडच्या बाजूला झाडांची रांग असली की वारा घरावर थेट आदळत नाही, वाळू आणि खारं पाणी कमी येतं. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी अनेक चक्रीवादळांनंतर पडलेली आणि उभी राहिलेली झाडं तपासली. एकट्या झाडापेक्षा घोळक्यातली झाडं जास्त टिकतात, नीट छाटलेली झाडं न छाटलेल्यांपेक्षा जास्त टिकतात आणि ताड-माडासारखी झाडं वाऱ्याला चांगली तोंड देतात, असं त्यांना दिसलं. एक झाड तोडलं की त्याच्या आडोशाला वाढलेलं शेजारचं झाड अचानक उघड्यावर येतं, हेही लक्षात ठेवा.

निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे काय झालं ते आठवा. नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या दुपारच्या काही तासांत झोपल्या. पोफळ असो की माड, लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं तरी जातात. घर सहा महिन्यांत उभं राहतं, वाडी राहत नाही. म्हणून असलेलं झाड सांभाळणं स्वस्त पडतं.

आणि धोक्याचं एक काढावं लागलं तर त्याच पावसाळ्यात दोन लावा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उंडी, करंज, परसभेंडी चांगली होतात. थोडं आत कडुलिंब, चिंच, जांभूळ लावा. मोठी होणारी झाडं घरापासून निदान पंचवीस-तीस फूट लांब, तारेखाली तर मुळीच नको. गुलमोहर, निलगिरी, रेन ट्री घराला लागून लावू नका, त्यांना मोकळ्या मैदानात जागा द्या. पिशवीतलं रोप लावताना मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती मोकळी करून पसरवा. गुंडाळलेल्या मुळांचं झाड मोठं झालं तरी नांगर टाकत नाही.

वादळाच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

इशारा आला की कुंड्या, बादल्या, वाळवणाचे बांबू, सुटे पत्रे आत घ्या. गाडी झाडाखालून हलवा. रात्री झाडाच्या बाजूच्या खोलीत झोपू नका, विरुद्ध बाजूला सगळे एकत्र झोपा. घर कच्चं आणि झाड मोठं असेल तर शेजारी पक्क्या घरात किंवा गावातल्या निवाऱ्यात आधीच जा. वारा मधेच पडला तर बाहेर बघायला धावू नका. वादळाचा मधला भाग वरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने परत येतो, आणि एका बाजूने सैल झालेली झाडं त्या वेळी पडतात.

सकाळी सगळ्यात मोठा धोका तारेचा. पडलेल्या झाडात तार गुंतलेली असू शकते, ओल्या जमिनीतून झटका लागतो. वीज कंपनीचा माणूस "बंद आहे" म्हणेपर्यंत झाडाजवळ जाऊ नका, मुलांना जाऊ देऊ नका. कुणी अडकलं असेल तर ११२ किंवा अग्निशमनचा १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. आडवं पडलेलं खोड ताणात असतं, चुकीच्या जागी कापलं की उसळून माणसाला मारतं. तिथे घाई नको.

घर, बोट, जाळी यांचं नुकसान झालं असेल तर फांद्या हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला तेच उपयोगी पडतात. बोटीचा नंबर दिसेल असा एक फोटो हवाच. आणि वादळाच्या आधीचा, धडधाकट बोटीचा एक फोटोही आत्ताच काढून फोनमध्ये ठेवा.

शेवटी एवढंच

आमची विनंती साधी आहे. या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. घराभोवती एक फेरी मारा, बोट लावतो तिथे एक फेरी मारा. बुंधा बघा, खोड ठोका, मान वर करून शेंडा बघा. शंका आली तर शेजाऱ्याला बोलवून दाखवा. शेजाऱ्याचं झाड तुमच्या घरावर येत असेल तर भांडायला नको, सोबत जाऊन बोला आणि खर्च वाटून घ्या. आळीतल्या चार-पाच घरांनी एकच माणूस बोलावला तर मजुरी कमी लागते. जिथे म्हातारी माणसं एकटी आहेत, जिथे कर्ता माणूस दर्यात आहे, त्या घराकडे आधी जा.

त्या सुरूच्या बुंध्याशी उकललेली माती आम्ही सगळ्यांनी बघितली होती आणि गप्प राहिलो होतो. यंदा तशी माती कुणाच्या दारात दिसली तर थांबा आणि सांगा. खाली कमेंटमध्ये फोटो टाकलात तरी चालेल, आपल्यातली जाणती मंडळी बघून सांगतील.

नारळीपुनवेला सगळ्या बोटी धडधाकट पाण्यात उतरू देत, आणि दर्याला द्यायचा नारळ आपल्याच अंगणातल्या माडाचा असू दे.